उंदीरमामांच्या अकरा बाटल्या

विषय: शेणवा, तालुका शहापूर, येथील कै. गोविंद राघो, सेवानिवृत्त प्रयोगशाळा परिचर, ऊर्फ उंदीरमामा, यांच्याकडून नेलेल्या पाल्याच्या अकरा बाटल्यांबाबत. (आडनाव घरच्यांच्या सांगण्यावरून वगळले आहे.)

तक्रार कोणाविरुद्ध: हा मजकूर लिहिणारा, म्हणजे मी.

घटनेचा काळ: एका आषाढापासून पुढच्या भाद्रपदापर्यंत.

साक्षीदार: १) मंदा, मामांची सून, राहणार शेणवा. २) कॉलेजातल्या मॅडम, ज्यांचे नाव त्यांच्या नोकरीला बाध येऊ नये म्हणून येथे देत नाही. ३) माझा डावा डोळा, जो आता साक्ष देण्याच्या स्थितीत नाही.

वस्तुस्थिती अशी की, कोणाशीही बोलण्यापूर्वी उंदीरमामा त्या माणसाचा डोळा बघत. नजरेला नजर देणे निराळे. मामा डोळा बघत, बैल घेणारा दात बघतो तसा. समोरचा सरपंच असो की लग्नातला नवरदेव, मामा अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढीत, खिशातली बारकी बॅटरी काढीत आणि म्हणत, “वर बघ. आता खाली. आता माझ्या कानाकडं.” मग बॅटरी खिशात टाकीत आणि त्यानंतर विचारीत, “बोल, काय काम काढलंस?” एकदा आमच्या भागातले एक पुढारी मत मागायला त्यांच्या अंगणात आले, तर त्यांचीही पापणी मामांनी ओढली आणि सर्वांसमक्ष सांगितले, “सायब, मोतीबिंदू पिकलाय. आधी तो काढा, मग आमच्याकडं बघा.”

मामांची दुसरी सवय तारखेची. त्यांच्या घरात बिनतारखेची वस्तू नव्हती. मिठाची बरणी, पावट्याचे बियाणे, सुकटीचा डबा, प्रत्येकावर वहीच्या कागदाची पट्टी आणि तीवर निळ्या शाईने तारीख. सून मंदा म्हणे, “आमच्याकडं चटणीला पण वाढदिवस असतो.” मामा त्यावर चिडत नसत. ते म्हणत, “बिनतारखेचा पाला म्हंजे कचरा. तो कधीचा, कुठल्या अंगाचा, सावलीतला का उन्हातला, ते लिवलेलं पायजे. नायतर म्हशीला घाला.”

ही सवय नोकरीची. मुंबईच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात मामांनी तीस वर्षे परिचर म्हणून काढली. आठवडाभर तिकडेच राहायचे, शनिवारी संध्याकाळी जीपने शेणव्याला यायचे. त्यांचे काम म्हणजे उंदीर सांभाळणे. पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. त्यांना खायला घालणे, पिंजरे धुणे, वजने करणे, आणि त्यांच्या डोक्यावरचा दिवा लावणे-विझवणे. हे सर्व मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की मी स्वतः त्या खोलीत उभा होतो असे मला वाटते.

ते सांगत, “डोळ्याच्या आत, पार मागं, पडदा असतो. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यात रंग नसतो, म्हणून त्याला उजेड सोसत नाय. त्याच्यावर मोठा दिवा लावून ठेवला का तो पडदा जळतो. आता अर्ध्या उंदरांना आठवडाभर आधी पाल्याचा अर्क पाजायचा आन अर्ध्यांना साधं पाणी. मग सगळ्यांवर एकच दिवा. पाणीवाल्यांचा पडदा जायचा. अर्कवाल्यांचा बराचसा राहायचा.” मी विचारले होते, “आणि ज्यांचा जळून गेला, त्यांना मागाहून अर्क पाजला तर?” मामांनी बोट उभे करून नकार दिला. “केलं तेपण आमच्या प्रोफेसर सायबांनी. काय उपेग नाय. दिव्याच्या आधी पाजला तं राखतो. गेलेलं आणीत नाय.”

तो पाला शेणव्याच्या मागच्या डोंगरातला. सायबांना तो मामांनीच दाखविला होता. लहानपणी मामांची आजी काजळात त्या पाल्याचा रस घाली, एवढ्यावरून. तीस वर्षे शनिवारी रिकामी पिशवी घेऊन यायचे आणि सोमवारी भरून न्यायची. त्या पाल्याचे नाव त्यांनी गावात कोणाला सांगितले नाही. घरी सुनेला झाड ठाऊक होते, परंतु तिलाही त्यांनी शपथ घातली होती.

उंदीरमामा हे नाव मात्र कॉलेजातून आलेले नाही. ते गावाने दिले. घरी उंदीर सापळ्यात सापडला की मामा त्याला मारू देत नसत. सापळा हातात धरून ओढ्यापलीकडे जात आणि सोडून येत. मंदा शेजारणींना सांगे, “भात त्यानं खायाचं आन मामंजींनी त्याला पोचवायला जायाचं. उद्या एसटीचं तिकीट काढून देतील.” मामा उंबऱ्यावर बसून म्हणत, “तिकडं मी लई मारलेत गो. पगार घेऊन मारलेत. घरात नको.” ज्या दिवशी तिकडे उंदरांचे डोळे काढून काचेवर घेत, त्या दिवशी ते जेवत नसत, हे मंदाने मला ते गेल्यावर सांगितले. मामा तिकडे कधी कधी उपाशी राहतात हे मी ऐकून होतो, पण तोपर्यंत मला तो सोमवारचा उपास वाटे.

आता माझ्याविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण गुन्हा माझा आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शहापूरच्या तहसील कचेरीच्या भिंतीला टेकून झाले. तेथे ताडपत्रीखाली माझे टेबल आहे, आणि आठवड्यातून एक दिवस मी मुरबाडला बसतो. वारस नोंद, रस्ता अडवणूक, रेशनकार्डातली चूक, यांवर माझ्या हातचा अर्ज दोन्ही तालुक्यांत मागे येत नाही. वकील मंडळीसुद्धा माझा मसुदा मागून नेतात. हे मी बढाईने सांगत नाही, पुढे काय घडले ते समजावे म्हणून सांगतो.

माझी लिहिण्याची एक पद्धत आहे. नुसते दुःख लिहिले तर कारकून कागद ट्रेमध्ये ठेवतो आणि त्यावर दुसरा कागद ठेवतो. शेजाऱ्याचे सांडपाणी अंगणात येते, असे लिहिले तर कोणी येत नाही. शेजाऱ्याने विनापरवाना बांधकाम करून सांडपाणी सोडले, असे लिहिले तर माणूस येतो. म्हणून मी प्रत्येक अर्जात एक तरी बेकायदेशीर गोष्ट घालतो. तिला मी वजनाची ओळ म्हणतो. ती खरी असतेच असे नाही. ती कागद वर जाण्यापुरती असते. एकदा माणूस चौकशीला आला की खरे काय ते त्याला दिसतेच, असा माझा इतक्या वर्षांचा समज होता.

त्या आषाढाच्या आधी लिहिताना माझ्या ओळी वाकू लागल्या. सरळ मारलेली रेघ मधेच पोटात गेल्यासारखी दिसे. मला वाटले पट्टी खराब आहे. नवी पट्टी आणली, तीही वाकडी. मुरबाडच्या शिबिरात डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून, अंधारात बसवून तपासले आणि सांगितले की साखरेमुळे पडद्याला सूज आहे, आत रक्त झिरपते, जिल्ह्याच्या ठिकाणी, ठाण्याला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागेल, आणि लवकर घ्यावे लागेल. डोळ्यात सुई, हे ऐकताच मी खुर्चीवरून उठलो. ‘पडदा’ हा शब्द ऐकून मात्र मला मामा आठवले. मुरबाडहून परतताना मी शेणव्याला जीपमधून उतरलो.

“काय अर्जसायब, आज वाट वाकडी?” मामा अंगणात पाटावर बसून शेंगा निवडीत होते. बॅटरी काढून त्यांनी माझा डोळा बघितला, मग दुसरा, मग परत पहिला. “डावा जास्त हाय. डॉक्टर काय बोलला?”

“इंजेक्शन.”

“कधी जातो?”

“मामा, त्यासाठीच उतरलो. मला तुमचा पाला पाहिजे.”

“पाला म्हशी खातात.”

“मी थट्टेला आलो नाही.”

“मीपण नाय. उंदराचं विचार, सांगतो. माणसाचं मला ठाव नाय. आन उंदराचं पण दिव्याच्या आधीचं. तुझा दिवा लागून दोन वर्सं झाली असतील. किती साखर हाय तुला?”

मी आकडा सांगितला. त्यांनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले. मंदा दारात उभी होती, ती म्हणाली, “द्या की मामंजी चिमूटभर. दादा काय रोज मागायला येणारेत?”

“चिमूट कशाची गो? मोजल्याबिगर? उंदराला ग्रॅमच्या हजाराव्या भागानं घालायचो आमी. आन हा उंदीर नव्वद किलोचा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू ठाण्याला जा. मी येतो बरोबर. उद्या जाऊ.”

मी गेलो नाही. उद्या नाही आणि परवाही नाही. मला त्यांच्या बोलण्याचा राग आला होता. ज्या माणसाने जन्मभर पिंजरे धुतले त्याने, ज्याच्या कागदाला प्रांताधिकारी उठून उत्तर देतात अशा माणसाला, नव्वद किलोचा उंदीर म्हणावे. आणि त्याहून मोठी गोष्ट, मला खात्री होती की औषध त्यांच्याकडे आहे आणि ते दडवून ठेवीत आहेत.

त्या खात्रीला खतपाणी लवकरच मिळाले. त्याच आषाढात कॉलेजातल्या एक मॅडम शेणव्याला आल्या. वयाने मंदापेक्षाही लहान. मामा निवृत्त झाल्यापासून तिकडे गणित बिघडले होते. व्यापाऱ्याकडून आणलेला तोच पाला, तोच अर्क, तोच दिवा, आणि उंदरांचे पडदे राहत नव्हते. सायब म्हणाले जुने निकालच चुकीचे असतील. मॅडमना ते पटेना. त्यांनी जुन्या वह्या काढल्या, तर प्रत्येक पानावर मामांची निळी शाई: कुठल्या अंगाचा, कधी तोडला, किती दिवस सावलीत. म्हणून त्या मामांना शोधत आल्या.

दोघांनी मिळून ठरविले की त्याच एका झाडाचा पाला बारा महिने, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तोडायचा, माळ्यावर अंधारात वाळवायचा आणि काळ्या बाटलीत भरायचा. बारा महिन्यांच्या बारा बाटल्या. मग मॅडमनी त्या तपासून सांगायचे की पडदा राखणारा गुण कोणत्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि कोणत्या महिन्यात मुळीच नसतो. तेवढे कळले तर पुढे माणसाला किती द्यावे याच्या चाचणीची गोष्ट निघाली असती. मॅडमना कॉलेजने एकच वर्ष दिले होते.

“आणि मामा, या वेळी संशोधनाच्या पेपरात तुमचं नाव येणार,” असे मॅडम म्हणाल्या. “तुमचंसुद्धा. माझ्या शेजारी.”

 मामा म्हणाले, “आधीच्या पेपरात शेवटी इंग्रजीत होतं, प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार. सायबांना विचारलं मी, यातला मी कुठला? सायब हसले.”

हे संभाषण मंदाने मला पुढे सांगितले. तेव्हा मला ठाऊक होते ते इतकेच, की शहरातली गाडी येते, माळ्यावर काळ्या बाटल्या वाढत चालल्या आहेत, आणि मला चिमूटभर मिळत नाही. पौषात मी पुन्हा गेलो. आता डाव्या डोळ्याने कागदाच्या मधोमध एक राखाडी बोट उमटल्यासारखे दिसे. माळ्यावर सहा बाटल्या मी स्वतः मोजल्या. मामा म्हणाले, “इंजेक्शन घेतलंस?” मी म्हणालो, “या बाटल्या कोणासाठी आहेत?” ते म्हणाले, “त्या मोजायच्या हायत. त्यातलं एक पान पण इकडचं तिकडं नाय करायचं. तू ठाण्याला जा रे बाबा.” मी म्हणालो, “श्रीमंताला बाटली आणि आपल्या माणसाला ठाणे.” मामांनी यावर माझा डोळा बघायला बॅटरी काढली. मी त्यांचा हात बाजूला केला आणि निघून आलो.

वैशाखात मी अर्ज लिहिला. वर ‘एक जागरूक नागरिक’ आणि खाली सही नाही. माझा हेतू एवढाच होता की कोणीतरी अधिकारी जावा, मामांना विचारावे, आणि जनतेच्या उपयोगाचे औषध जनतेला देण्यास त्यांना भाग पाडावे. अर्ज दीड पानांचा झाला आणि भाषेच्या दृष्टीने माझ्या चांगल्या अर्जांपैकी आहे. पण वाचून पाहिला तेव्हा तो नुसत्या दुःखाचा वाटला. कारकून ट्रेमध्ये ठेवील असा. म्हणून सवयीने मी दुसऱ्या परिच्छेदात वजनाची ओळ घातली: ‘सदर इसम गोविंद राघो हा विनापरवाना डोळ्यांचे औषध तयार करून त्याचा साठा करीत असून त्याची बाहेरगावी विक्री होत असल्याचा दाट संशय आहे.’

येथे एक गोष्ट नोंदवितो. मामांचे पूर्ण नाव कॉलेजच्या कोणत्याही पेपरात नाही. गावाने ते कधी उच्चारले नाही. पगारपत्रक आणि मतदारयादी सोडली तर कागदावर ते नाव सुवाच्य आणि बरोबर प्रथम मी लिहिले, आणि ते आरोपी म्हणून लिहिले.

माझा अर्ज मागे येत नाही, तसा तोही आला नाही. संबंधित कार्यालयाचे तीन जण जीप घेऊन शेणव्याला गेले. पुढचे मंदाच्या शब्दांत देतो, कारण मी तेथे नव्हतो:

“मामंजी जेवत होते. हात धुवून आले. साहेब म्हणला, परवाना दाखवा. मामंजी म्हणले, हा पाला हाय साहेब, औषध नाय. औषध झालं का मीच तुमाला सांगायला येईन. तर तो म्हणतो, औषध नाय तं बाटलीवर नंबर कशाला? तारीख कशाला? पाल्यावर कोण तारीख टाकतो? मामंजींनी वही दाखवली, तर वहीपण घेतली. अकरा बाटल्या गोणीत भरल्या. मामंजी काय भांडले नाय दादा. फक्त म्हणले, साहेब, उन्हात नका ठेवू, गुण जातो. त्या लोकांनी गोणी जीपच्या टपावर बांधली. वैशाखाचं ऊन. मामंजी जीप दिसते तोवर रस्त्यात उभे होते, आन हात असा वर करून सांगत होते, खाली घ्या, खाली घ्या.”

ज्या तारखांसाठी मामा घरात हास्यास्पद झाले होते, त्या तारखांनीच माझी खोटी ओळ खरी करून दाखविली. हे लक्षात आले तेव्हा मला टेबलावर बसवेना. तरी मी बसलो. दुसरे काही येत नाही.

चौथ्या दिवशी मामा शहापूरला आले. माझ्या ताडपत्रीखाली तीन माणसे आधी होती. मामा त्यांच्यामागे ओळीत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा बाकावर बसून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“लिही,” म्हणाले. “बाटल्या परत मिळाव्या म्हणून.”

मी कागद घेतला. पेन उघडले. वर कार्यालयाचे नाव लिहिले. हात थांबला.

“त्यांनी मला तक्रार वाचून दाखवली,” मामा म्हणाले. “सदर इसम. दाट संशय. शहापुरात असं कोण लिवतो ते मला कोणाला इचारावं लागलं नाय.”

“मामा, मी ती ओळ...”

“लिही आधी. ज्यानं लिवलं त्यालाच खोडता येईल. दुसऱ्या कोणाची अक्कल नाय तेवढी.”

हे ते टोचून बोलले की मनापासून, हे मला आजवर ठरविता आलेले नाही. तो अर्ज मी लिहिला. माझ्या आयुष्यात तसा मी लिहिलेला नाही. त्यात वजनाची ओळ नव्हती, सगळे खरे होते. मामांनी तो ऐकला, एके ठिकाणी थांबवून म्हणाले, “बारा नाय, अकरा. बारावी अजून झाडावर हाय,” आणि सही केली. सही निळी, ठसठशीत, आणि खाली तारीख.

उत्तर आले की, सदर इसमाविरुद्ध विनापरवाना औषधसाठ्याची तक्रार प्राप्त असल्याने मुद्देमाल परत करता येत नाही. मी दुसरा अर्ज केला की तक्रारदार तक्रार मागे घेत आहे. उत्तर आले की, तक्रार निनावी असल्याने ती मागे घेण्याचा अधिकार कोणासही नाही. मी स्वतः टेबलासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “तो निनावी मी आहे.” तेथील बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, “पुरावा काय? सही आहे का?” मी म्हणालो, “अक्षर माझे आहे.” त्या म्हणाल्या, “भाऊ, तालुक्यातले अर्धे अर्ज तुमच्या अक्षरात आहेत.”

ज्येष्ठाच्या पहिल्या सोमवारी मामा डोंगरात गेले आणि बाराव्या महिन्याचा पाला तोडून आणला. मंदा म्हणाली, “अकरा गेल्यावर ही कशाला?” मामा म्हणाले, “बारा म्हैने सांगितले होते.” मॅडम ती एक बाटली घ्यायला आल्या. त्यांनी कॉलेजातून दोन पत्रे पाठविली होती, त्यांचेही उत्तर मुद्देमालाचेच होते. त्यांचे वर्ष संपत आले होते. अंगणात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “मामा, एका महिन्यावरून काही सिद्ध नाही होत.” मामा म्हणाले, “ठाव हाय मला,” आणि बाटलीवरची पट्टी नीट चिकटली आहे का ते अंगठ्याने दाबून पाहिले. मॅडम आता दुसऱ्या शहरात दुसऱ्या कामावर आहेत. सायबांनी तो पाल्याचा विषयच बंद केल्याचे त्या म्हणाल्या.

त्याच महिन्यात एका सकाळी माझ्या डाव्या डोळ्यात काळा धूर उतरला. दुखले काही नाही. पत्नीने मामांना निरोप धाडला, मला न विचारता. मामा पहिल्या जीपने आले आणि माझ्या मनगटाला धरून मला ठाण्याला घेऊन गेले. तेथील डॉक्टर तरुण होते. तपासून म्हणाले, “डाव्याला फार उशीर केलात. पडदा ओढला गेला आहे. उजवा अजून वाचवता येईल, पण आजपासून एकही इंजेक्शन चुकवायचे नाही.” मग मामांना त्यांनी विचारले, “आपण कोण यांचे?”

“मी उंदीर सांभाळायचो,” मामा म्हणाले.

डॉक्टरांना ते कळले नाही. सुईच्या वेळी मामांना आत येऊ देईनात, तर ते दाराबाहेरून मोठ्याने म्हणाले, “कानाकडं बघ रे. माझ्या कानाकडं.” मी त्यांचा कान डोळ्यांपुढे आणला आणि ती सुई गेली. जितकी मी वर्षभर मनात वाढविली होती त्याच्या दशांशानेही ती दुखली नाही.

परतीच्या बसमध्ये मी पट्टी बांधून बसलो होतो. शेवटी विचारले, “मामा, नाव का सांगितले नाही झाडाचे? मला तरी.”

“तुला म्हणूनच नाय सांगितलं,” ते म्हणाले. “नाव कळलं असतं तं तू पाला खात बसला असतास आन सुई टाळली असतीस. उजवापण घालवला असतास. गावातले दहा जण तुझ्या मागून. माणसाला तो किती लागतो, लागतो का नाय, बाधतो का, कुणालाच ठाव नाय. तेच तर मोजायचं होतं.” थोडे अंतर गेल्यावर म्हणाले, “जूनमधला जोर धरीत असंल असं मला आपलं वाटतं. पण वाटून काय.”

त्यानंतरच्या दोन्ही इंजेक्शनांना ते माझ्याबरोबर आले. प्रत्येक वेळी कार्यालयातून काही कागद आला का ते विचारीत. एकदाही त्यांनी मला त्या अर्जाबद्दल शब्दाने दुखविले नाही, आणि हे त्यांनी केले असते तर मला बरे वाटले असते. भाद्रपदात मामांच्या छातीत दुखू लागले आणि तीन दिवसांत ते गेले. मंदा सांगते की शेवटच्या दुपारी त्यांनी तिला जवळ बोलावून खालची पापणी ओढली, तिचा डोळा बघितला, आणि “तुझं बरं हाय” एवढे म्हणाले. त्यांच्या घरातल्या डब्यांवरच्या तारखा तिने काढलेल्या नाहीत. नवीन डबा आला की तीच आता पट्टी लावते. गावातली माणसे डोळ्याची तक्रार घेऊन अजून त्या अंगणात येतात, आणि मंदा झाड ठाऊक असूनही त्यांना ठाण्याची बस सांगते.

माझ्या टेबलावरही फरक झाला आहे. मी अर्जात वजनाची ओळ घालीत नाही. त्यामुळे माझे अर्ज आता मागे येतात. लोक शेजारच्या टेबलावरच्या एका मुलाकडे जाऊ लागले आहेत, आणि तो मुलगा ती ओळ घालतो, कारण ती त्याने माझ्याकडूनच उचलली आहे.

सबब, संबंधित कार्यालयास माझी विनंती आहे की:

गोविंद राघो यांच्या घरून नेलेल्या अकरा बाटल्या व एक वही सध्या कोठे आहेत, हे लेखी कळवावे. त्या तपासणीस पाठविल्या असल्यास त्यात औषध सापडले की नुसता पाला, हे स्पष्ट लिहावे. त्या फेकून दिल्या असल्यास ‘फेकून दिल्या’ असेच लिहावे, ‘प्रकरण प्रलंबित’ असे लिहू नये. वही फेकली नसल्यास ती त्यांच्या सुनेच्या हाती द्यावी. मूळ तक्रारीतील दुसऱ्या परिच्छेदातील विधान खोटे होते व ते खोटे असल्याचे मला लिहिताना ठाऊक होते, याची नोंद प्रकरणाच्या कागदात घ्यावी आणि त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करावयाची ती करावी. या वेळी मी खाली सही केली आहे.

उत्तर कै. गोविंद राघो यांच्या नावे शेणव्यास आणि त्याची प्रत मला शहापूरला पाठवावी. अक्षर मोठे असावे. विलंब करू नये, अशी विशेष विनंती आहे, कारण अजून मला स्वतःला वाचता येते.